सीएमएम: वर्कशॉपवाल्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी, चाकण, शिरोली, वाळूज, अंबड, कुठल्याही एमआयडीसीत मशीनिंगचं काम करणाऱ्या माणसाचा सीएमएमशी संबंध बहुधा दोनच वेळा येतो: नव्या जॉबचं पहिलं सँपल पास करून घ्यायचं असतं तेव्हा, नाहीतर लॉट परत आल्यावर. दुसऱ्या वेळी डोकं तापलेलं असतं, म्हणून हे प्रश्न निवांतपणी वाचावेत. इथे मशीनपेक्षा मोजण्याच्या पद्धतीबद्दल जास्त लिहिलं आहे, कारण लॅबपर्यंत येणाऱ्या भांडणांमध्ये मशीनचा दोष क्वचितच निघतो.

सीएमएम नक्की करतं काय?

नाव कोऑर्डिनेट मेझरिंग मशीन. ग्रॅनाइटच्या टेबलावर जॉब ठेवायचा. वर एक्स, वाय, झेड अशा तीन दिशांनी सरकणारी रचना (तिच्या मुख्य भागाला पूल म्हणतात), तिच्या टोकाला स्पर्श टिपणारा प्रोब आणि प्रोबच्या टोकाला बारीक रूबीची गोळी. गोळी जॉबला टेकली की त्याच क्षणी तिन्ही स्केलवरचे आकडे नोंदले जातात. झाला एक पॉइंट. असे पॉइंट गोळा झाले की सॉफ्टवेअर त्यांवर प्लेन, सर्कल, सिलिंडर बसवतं आणि मग दोन बोअरमधलं अंतर, फेसचा काटकोन, होलची पोझिशन असं जे हवं ते काढून देतं.

म्हणजे बोअरचा व्यास हे मशीन थेट मोजत नाही. ते आठ-दहा पॉइंट मोजतं आणि व्यास हिशेबाने काढतं. एवढं डोक्यात पक्कं बसवा, पुढची निम्मी उत्तरं यातूनच निघतात.

मायक्रोमीटर, बोअर गेज, हाइट गेज असताना सीएमएम कशाला?

साध्या पिनचा व्यास बघायचा असेल तर नकोच. चांगला मायक्रोमीटर किंवा एअर गेज जास्त भरवशाचा आणि लाइनवर दहापट पटकन होणारा. त्याला तात्त्विक कारणही आहे. अर्न्स्ट ॲबे यांनी १८९० मध्ये मांडलेला नियम सांगतो की मोजायची लांबी आणि स्केल एकाच रेषेत हवेत. मायक्रोमीटरमध्ये ते असतात. सीएमएममध्ये स्केल एकीकडे आणि प्रोब कितीतरी लांब, त्यामुळे पूल कणभर जरी तिरका झाला तरी टोकाला चूक वाढून येते. प्रत्येक अक्षाच्या सहा आणि अक्षांमधल्या काटकोनांच्या तीन, अशा एकूण २१ भौमितिक चुका मोजून त्यांचा नकाशा कंट्रोलरमध्ये भरलेला असतो. मशीनची बरीचशी अचूकता त्या नकाशावर उभी आहे.

सीएमएमचं खरं काम हाउसिंग, ब्रॅकेट, व्हॉल्व बॉडी अशा जॉबवर, जिथे दहा होल एकमेकांशी आणि डेटमशी (ज्याच्यापासून मापं घ्यायची तो ड्रॉइंगवर ठरवलेला फेस किंवा बोअर) जुळायला हवेत आणि हाइट गेज, मँड्रेल, साइन बार लावता लावता अख्खी शिफ्ट जाते.

हे मशीन आलं कुठून?

स्कॉटलंडमधल्या डॅल्कीथच्या फेरांटी कंपनीने १९५० च्या दशकात आपल्याच कामासाठी अशी रचना केली. इटलीत तुरिनला १९६२ मध्ये डीईए कंपनी निघाली आणि तिने तीन अक्षांचं मशीन बाजारात आणलं. तेव्हा टोकाला घट्ट बसवलेला प्रोब असायचा आणि माणूस तो हाताने जॉबला टेकवायचा. किती दाबायचं हे ज्याच्या त्याच्या हातावर.

खरा बदल १९७२ मध्ये झाला. रोल्स-रॉइसमध्ये काँकॉर्ड विमानाच्या ऑलिंपस इंजिनावर काम चालू होतं. त्यातल्या बारीक इंधननळ्या मोजताना घट्ट प्रोबचा दाब पडून चालणार नव्हता. तिथल्या डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी टच ट्रिगर प्रोब बनवला: आतली सुई स्प्रिंगने जागेवर बसलेली, बाहेर काही टेकलं की जागेवरून हलते, सिग्नल देते आणि पुन्हा नेमकी त्याच जागी परत बसते. पुढच्याच वर्षी त्यांनी जॉन डीअर यांच्यासोबत रेनिशॉ कंपनी काढली. आज तुमच्या व्हीएमसीवर (उभ्या मशीनिंग सेंटरवर) जॉब सेट करायला जो प्रोब असतो, तोही याच कुळातला.

टेबल ग्रॅनाइटचंच का असतं?

ग्रॅनाइट जड असतो, गंजत नाही आणि तापमानाने पोलादापेक्षा कमी पसरतो. शिवाय त्यावर काही पडलं तर टवका उडतो, कास्ट आयर्नसारखी कडा वर उचलली जात नाही. पूल त्यावर हवेच्या बेअरिंगवर, काही मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फटीवर तरंगतो. म्हणून हवा बंद असताना पूल हाताने ढकलायचा नाही. आणि कृपा करून ग्रॅनाइटला तेल लावू नका. नवा हेल्पर मशीन चकचकीत दिसावं म्हणून हमखास तेलाचा बोळा फिरवतो. धागे न सुटणारं कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, बस्स.

कॅटलॉगमध्ये '१.९ + एल/३००' असं लिहिलेलं असतं, ते कसं वाचायचं?

एल म्हणजे मोजायची लांबी, मिलिमीटरमध्ये. उत्तर मायक्रॉनमध्ये. ३०० मिमी लांबीसाठी १.९ + १, म्हणजे २.९ मायक्रॉन. लांबी मोजताना यापेक्षा जास्त चूक होणार नाही, अशी बनवणाऱ्याची हमी. ती तपासण्याची रीत आयएसओ १०३६०-२ मध्ये दिली आहे: मशीनच्या जागेत सात वेगवेगळ्या स्थितींत, प्रत्येक ठिकाणी पाच लांब्या, प्रत्येक लांबी तीनदा. एकूण १०५ मापं, आणि ती सगळी हमीच्या आत बसावी लागतात.

मेख अशी की ही हमी ठरावीक तापमानात, आखूड आणि जाड स्टायलसवर (प्रोबला लावायची, टोकाला गोळी असलेली सुई), चकचकीत स्लिप गेज किंवा स्टेप गेजवर दिलेली असते. तुम्ही २०० मिमीचं एक्स्टेन्शन लावून खरबरीत कास्टिंगच्या पोटात शिरून मोजणार असाल, तर कॅटलॉगचा आकडा तुमच्या कामाचा राहिला नाही. अजून एक: स्केल ०.१ मायक्रॉनपर्यंत दाखवतं म्हणून माप तेवढं अचूक, असं समजणारे अजून भेटतात. रिपोर्टमध्ये चार दशांश छापून आले तरी शेवटच्या आकड्याला भाव देऊ नका.

२० अंशांचा एवढा आग्रह का?

कारण ड्रॉइंगवरचं प्रत्येक माप २० अंश सेल्सिअसला खरं धरायचं असतं. हा आकडा १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरला आणि आयएसओच्या मानकांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर हेच मानक आहे. ड्रॉइंगवर तसं लिहिलेलं नसलं तरी ते लागू असतं.

हिशेब करून बघा. पोलाद एका अंशाला दर मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन पसरतं, ॲल्युमिनियम साधारण २३. ॲल्युमिनियमच्या गिअरबॉक्स हाउसिंगमध्ये दोन बोअरमधलं अंतर ३०० मिमी आहे आणि शॉपमध्ये ३२ अंश आहे असं धरा. १२ अंश जास्त, म्हणजे जवळपास ८३ मायक्रॉन. टॉलरन्स ±०.०३ असेल तर जॉब मोजण्याआधीच गेला. तोच जॉब पोलादी असता तर ४१ मायक्रॉन. वर मशीनचं स्केल स्वतःच्या हिशेबाने पसरणार ते वेगळं.

मे महिन्यात शिरोलीहून टेम्पोतून आलेलं कास्टिंग दुपारी दोनला लॅबच्या दारात उतरतं आणि ड्रायव्हरला तीनला रिपोर्ट हवा असतो. वरून हात लावला तर गार लागतं, आतला जाड भाग मात्र अजून गरमच. असा जॉब निवायला रात्रभर ठेवावा लागतो. लहान पोलादी पिन तासाभरात निवते, गार ग्रॅनाइटवर टेकवून ठेवली तर त्याहून लवकर.

मग सॉफ्टवेअरमध्ये टेंपरेचर कॉम्पेन्सेशन असतं ते कशाला?

उपयोग आहे, पण मर्यादेत. जॉबला सेन्सर लावायचा, मटेरियलचा प्रसरणांक भरायचा आणि सॉफ्टवेअर माप २० अंशांना आणून देतं. हे सगळं जॉब एकसारखा गरम आहे असं धरून. एक बाजू गरम, एक गार असेल तर जॉब लांब होण्याबरोबर वाकतोही, आणि ते वाकणं एका सेन्सरला कळत नाही. प्रसरणांकही मिश्रधातूनुसार बदलतो, पुस्तकातला २३ तुमच्या कास्टिंगला तंतोतंत लागू पडेलच असं नाही. जॉब २१-२२ अंशांवर असेल तर कॉम्पेन्सेशन छान काम करतं. ३२ वर असेल तर आधी निवू द्या.

आणि बिल वाचवायला रात्री लॅबचा एसी बंद करण्याची पद्धत सोडा. सकाळी आठला एसी लावला तर हवा नऊला गार होते, पण ग्रॅनाइट दुपारपर्यंत आपलं तापमान बदलत बसतो. तोवर मोजलेलं सगळं संशयास्पद.

आमच्याकडे ओके होता, कंपनीत रिजेक्ट झाला. कोणाचं मशीन चुकलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक वेळा उत्तर 'कोणाचंच नाही' असं असतं. दोघांनी वेगळ्या गोष्टी मोजलेल्या असतात.

पहिली शंका अलाइनमेंटची घ्या. जॉब टेबलावर कसाही ठेवला तरी मशीनला जॉबचा स्वतःचा एक्स, वाय, झेड सांगावा लागतो. डेटम ए वर निदान तीन पॉइंट (तिपाई तीन पायांवर डुगडुगत नाही, तसं), बी वर दोन, सी वर एक. यालाच ३-२-१ म्हणतात. आता ड्रॉइंगवर डेटम ए खालचा मोठा फेस आहे आणि तुमच्या ऑपरेटरने सोयीचा म्हणून वरचा फेस घेतला, तर दोन फेसमधला समांतरपणाचा सगळा फरक तुमच्या प्रत्येक होलच्या मापात शिरला. बी आणि सी ची अदलाबदल केली तरी हेच. डेटमचा क्रम ड्रॉइंगवरच्या चौकटीत डावीकडून उजवीकडे लिहिलेला असतो आणि तो तसाच पाळायचा असतो.

दुसरी शंका आखूड डेटमची. समजा डेटम म्हणून १० मिमी खोल बोअर दिलेला आहे. तुम्ही त्यात ८ मिमी अंतरावर दोन सर्कल घेतले आणि त्यातून ॲक्सिस काढला. एका सर्कलच्या केंद्रात २ मायक्रॉनची चूक झाली, तर २०० मिमी दूरच्या फेसपाशी तो ॲक्सिस ५० मायक्रॉन सरकलेला असतो. मशीन उत्तम, ऑपरेटर हुशार, रिपोर्ट तरी चुकीचा. असं ड्रॉइंग हातात आलं तर कोटेशन देण्याआधीच डिझाइनवाल्यांशी बोला, नंतर कोणी ऐकत नाही.

तिसरी शंका पॉइंटची संख्या आणि सर्कल बसवायची रीत. ती पुढच्या प्रश्नात.

चौथी शंका लिमिटच्या काठावरची. व्यासाची वरची मर्यादा २५.०२१, तुमचं माप २५.०२०, कंपनीचं २५.०२२. दोघांच्या मापात ३ मायक्रॉनची अनिश्चितता असेल तर ही दोन मापं एकमेकांच्या विरोधात नाहीतच. वेगळा करार झालेला नसेल तेव्हा काय करायचं हे आयएसओ १४२५३-१ सांगतं: जो सिद्ध करायला जातो, त्याने अनिश्चितता आपल्या विरोधात धरायची. तुम्हाला पास म्हणायचं असेल तर माप २५.०१८ च्या आत हवं, कंपनीला रिजेक्ट म्हणायचं असेल तर २५.०२४ च्या वर. मधल्या पट्ट्यात दोघांनाही ठामपणे काही म्हणता येत नाही. आपल्याकडचे फार थोडे व्हेंडर हे वाक्य टेबलावर ठेवतात. ठेवावं. निदान चर्चा तरी आवाज चढवण्यावरून आकड्यांवर येते.

म्हणून लॉट परत आला की मशीन कॅलिब्रेट करायला माणूस बोलावण्याआधी दोन्हीकडचे प्रोग्रॅम शेजारी ठेवा आणि डेटम, पॉइंट, स्टायलस, तापमान ताडून बघा. जमलं तर एकच जॉब, त्यावर खूण करून, दोन्हीकडे मोजा.

सर्कलला किती पॉइंट घ्यायचे?

गणिताने तीन पुरतात, व्यवहारात तीन घेणं म्हणजे काहीच न घेणं. तीन पॉइंटमधून सर्कल कायम बिनचूक जातं, त्यामुळे गोलाई नेहमी शून्य येते आणि ऑपरेटर खूश होतो. चार घेतले तरी फसगत होऊ शकते. सेंटरलेस ग्राइंडिंगच्या जॉबला बऱ्याचदा तीन फुगवटे असतात. मायक्रोमीटर कुठूनही लावा, व्यास सारखाच येतो आणि पिन रिंग गेजमध्ये मात्र जात नाही. अशा जॉबवर सात, नऊ, अकरा असे विषम आणि भरपूर पॉइंट घ्या, शक्य असेल तर स्कॅन करा.

आता बसवण्याची रीत. सॉफ्टवेअर सहसा आपणहून लीस्ट स्क्वेअर वापरतं, म्हणजे सगळ्या पॉइंटच्या मधोमध जाणारं सरासरी सर्कल. २५ एच७ बोअर घ्या, मर्यादा २५.००० ते २५.०२१. सरासरी सर्कल २५.००६ आलं. झकास. पण गोलाईत १६ मायक्रॉनचा फरक आहे, म्हणजे त्रिज्या सरासरीच्या ८ मायक्रॉन इकडे-तिकडे. मग आत बसू शकणारं सगळ्यात मोठं सर्कल २४.९९० च्या आसपास भरतं आणि २५.००० चा गो प्लग (बोअरमध्ये जायलाच हवा असा तपासणीचा गेज) दारातच अडतो. क्वालिटीवाला म्हणतो सीएमएमवर ओके, असेंब्लीवाला म्हणतो शाफ्ट जात नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात. फिटिंगचा बोअर असेल तर आत बसणारं सर्वांत मोठं सर्कल आणि शाफ्ट असेल तर बाहेरून वेढणारं सर्वांत लहान सर्कल मागा. मात्र या रीतीत एखादा धुळीचा कण किंवा बर (कडेला राहिलेला धातूचा कंगोरा) सुद्धा उत्तर बदलतो, म्हणून आधी जॉब पुसून घ्या आणि पॉइंट भरपूर ठेवा.

छोट्या आर्कची त्रिज्या दरवेळी वेगळी का येते?

कारण माहितीच कमी आहे. ५० मिमी त्रिज्येचा ३० अंशांचा आर्क घ्या, दोन्ही टोकांना आणि मध्ये असे तीन पॉइंट. मधला पॉइंट फक्त २ मायक्रॉन चुकला तर त्रिज्या सुमारे ५७ मायक्रॉनने बदलते. पॉइंट वाढवल्यावर थोडं सुधारतं, पण रोग जात नाही. अशा ठिकाणी त्रिज्या मोजण्यापेक्षा तिथे प्रोफाइलचा टॉलरन्स देणं शहाणपणाचं. पॉइंट थेट मॉडेलशी ताडता येतात.

पोझिशन ०.०५ आली, टॉलरन्स ०.०८, तरी रिजेक्ट कसं?

हाताने हिशेब केला असेल तर दुप्पट करायचं राहिलं. होल एक्समध्ये ०.०३ आणि वायमध्ये ०.०४ सरकलं तर केंद्र ०.०५ ने सरकलं. पण पोझिशनचा टॉलरन्स व्यासाने दिलेला असतो, म्हणून माप ०.१०. रिजेक्ट बरोबर आहे. मात्र चौकटीत टॉलरन्सपुढे गोलातला एम असेल तर होल जेवढं सर्वांत लहान साइझपेक्षा मोठं, तेवढा जादा टॉलरन्स मिळतो. होल ०.०२ ने मोठं असेल तर ०.०८ चे ०.१० झाले आणि जॉब काठावर का होईना, वाचला. हा बोनस मोजायला विसरल्यामुळे चांगले जॉब भंगारात जातात.

रूबीचीच गोळी का, आणि ती कुठे चालत नाही?

कृत्रिम रूबी कडक, गुळगुळीत आणि जवळजवळ अचूक गोल बनते. टच करून मोजायला बहुतेक सगळीकडे चालते. ॲल्युमिनियमवर सतत घासून स्कॅनिंग केलं तर मात्र ॲल्युमिनियमचा थर गोळीला चिकटतो आणि माप हळूहळू सरकत जातं. तिथे सिलिकॉन नायट्राइड वापरतात. कास्ट आयर्नचं स्कॅनिंग गोळी झिजवतं, तिथे झिर्कोनिया बरी.

निवडताना स्टायलस होईल तेवढा आखूड आणि जाड, गोळी होईल तेवढी मोठी. जोड कमीत कमी. तिरक्या पृष्ठभागावर एकच पॉइंट घेताना दिशा नीट द्या: २ मिमीची गोळी, पृष्ठभाग ५ अंश तिरका आणि तुम्ही सरळ खाली टेकवलं, तर जवळपास ४ मायक्रॉन तिथेच गेले.

स्टायलस बदलल्यावर मास्टर बॉलवर (माहीत व्यासाच्या गोळ्यावर) टेकवून क्वालिफाय, म्हणजे त्याची जागा आणि गोळीचा आकार मशीनला ओळखवून, घ्यायलाच हवा का?

हो. दरवेळी. आणि मास्टर बॉल आधी पुसून.

क्लॅम्प किती घट्ट करायचा?

जॉब हलणार नाही इतपत. हे मशीन कापत नाही, हळूच टेकतं. व्हीएमसीच्या सवयीने पातळ भिंतीचं हाउसिंग आवळलं की ते वाकतं. मापं आवळलेल्या अवस्थेतली येतात आणि सोडल्यावर जॉब वेगळाच असतो. शंका असेल तर क्लॅम्प सैल करून दोन-तीन पॉइंट पुन्हा घ्या. फरक दिसला तर फिक्स्चर बदला. रबर किंवा शीट मेटलच्या भागांना मात्र ड्रॉइंगवर आवळण्याची स्थितीच दिलेली असते, तिथे ती पाळायची.

कॅलिब्रेशन कधी आणि कोणाकडून?

रिवाज वर्षातून एकदा. मशीन जागेवरून हलवलं, जोरात धडक बसली किंवा कंट्रोलर बदलला तर लगेच. सर्टिफिकेट एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबचं घ्या आणि ते मिळाल्यावर फाइलला न लावता वाचा: लॅबच्या मान्यतेत सीएमएम आहे का, अनिश्चितता किती दिली आहे, तापमान किती होतं. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ च्या ऑडिटमध्ये बाहेरच्या लॅबची आयएसओ १७०२५ मान्यता विचारतातच.

वर्षभराच्या मधल्या काळासाठी स्वतःचा एक जुना, टिकाऊ जॉब मास्टर म्हणून बाजूला ठेवा. दर सोमवारी तोच प्रोग्रॅम, तीच दहा मापं, वहीत किंवा एक्सेलमध्ये. आकडे एकाच दिशेने सरकायला लागले की तुम्हाला ऑडिटरच्या आधी कळतं.

पावसाळ्यात काय सांभाळायचं?

हवा. कंप्रेसरमधून पाणी आणि तेल येतं, एअर बेअरिंगला दोन्ही नकोत. ड्रायर चालू आहे ना, फिल्टरची वाटी भरली नाही ना, हे रोज सकाळी बघा आणि टाकी ड्रेन करा. दमट हवेत स्लिप गेज, मास्टर बॉल आणि पोलादी फिक्स्चर गंजतात, त्यांना पुसून तेलाचा हात (ग्रॅनाइटला नाही). वीज जाते-येते तिथे यूपीएस हवाच.

आटे आणि फिनिश सीएमएमवर मोजता येतं का?

आट्याची जागा मोजता येते, तीही आट्यात बसणारा पिन लावून मोजलेली बरी. पिच डायमीटरला थ्रेड गेज. फिनिशला वेगळा टेस्टर. रूबीची गोळी आरए (पृष्ठभागाच्या खरखरीतपणाचं माप) मोजायच्या कामासाठी फारच जाडी.

धडक झाली, प्रोबची सुई तुटली. आता?

प्रोबचा खालचा भाग बऱ्याच रचनांमध्ये चुंबकावर बसवलेला असतो, तो सुटून पडतो आणि वरचं वाचतं. सुटलेला भाग परत बसवला म्हणून लगेच काम सुरू करू नका. जागा पुसा, नवा स्टायलस, क्वालिफिकेशन, मग मास्टर जॉब. मास्टरची मापं जुळली तर पुढे चला. नाही जुळली तर सर्व्हिसवाल्याला बोलवा आणि धडकेपासून मोजलेले सगळे जॉब बाजूला काढा. धडका बहुतेक प्रोग्रॅममध्ये मधला सुरक्षित पॉइंट विसरल्याने होतात, म्हणून नवा प्रोग्रॅम पहिल्यांदा दहा-वीस टक्के वेगाने, बोट बटणावर ठेवून चालवायचा.

आर्म (सांध्यांचा, हाताने फिरवायचा प्रोब), लेझर स्कॅनर, व्हिजन मशीन (कॅमेऱ्याने मोजणारं): त्यापेक्षा सीएमएम बरं की ते?

जॉब बघून ठरवा. रबर, प्लास्टिक, पातळ स्टँपिंग असेल तर स्पर्श न करणारं व्हिजन मशीन. मशीनवरून न उतरवता येणारं मोठं फॅब्रिकेशन असेल तर आर्म किंवा लेझर ट्रॅकर. डाय, मोल्ड किंवा कास्टिंगचा अख्खा आकार मॉडेलशी ताडायचा असेल तर स्कॅनर, तो रंगीत नकाशा छान देतो. पण बोअरच्या पोझिशनला १५ मायक्रॉनचा टॉलरन्स असताना स्कॅनरचा रंगीत नकाशा दाखवणाऱ्या विक्रेत्याला चहा पाजून परत पाठवा.

छोट्या वर्कशॉपने सीएमएम घ्यावं का?

महिन्यात चार-सहा सँपल असतील तर बाहेरून मोजून घ्या. एमआयडीसीच्या भागात तासावर काम करणाऱ्या लॅब आहेत, सरकारी टूलरूमही मोजून देतात. छत्रपती संभाजीनगरची इंडो जर्मन टूल रूम त्यातलीच. जॉब देताना नुसतं ड्रॉइंग पाठवू नका. डेटम कुठले, कोणती मापं महत्त्वाची, सर्कल कोणत्या रीतीने हवं, ग्राहकाने काही पद्धत ठरवली आहे का, हे लिहून द्या. नाहीतर लॅबवाला त्याला सोयीचं ते करेल आणि त्यात त्याची चूक नसेल.

रोजच तपासणी असेल तर घ्या, पण बजेट करताना मशीनसोबत खोली, एसी, ड्रायर, यूपीएस, स्टायलसचे सेट, वार्षिक कॅलिब्रेशन आणि माणसाचा पगार धरा. पॉवर प्रेसच्या शेजारची जागा रिकामी आहे म्हणून तिथे मशीन टाकू नका, प्रत्येक ठोक्याला पॉइंट हलतो.

जुनं मशीन स्वस्तात मिळतंय. घ्यावं?

ग्रॅनाइट म्हातारा होत नाही, त्यामुळे सांगाडा बहुधा चांगला असतो. म्हातारा होतो तो कंट्रोलर, प्रोब हेड आणि सॉफ्टवेअर. सुटे भाग मिळतात का, सॉफ्टवेअरचं लायसन्स तुमच्या नावावर होतं का आणि त्या २१ चुकांचा नकाशा असलेली फाइल सोबत मिळते का, हे आधी विचारा. फाइल नसेल तर नकाशा नव्याने करायचा खर्च किमतीत धरा. पैसे देण्याआधी तुमचा स्वतःचा मोजलेला जॉब घेऊन जा आणि तो त्या मशीनवर चार कोपऱ्यांत ठेवून मोजून बघा.

आयटीआय किंवा डिप्लोमा केलेल्या मुलाला हे शिकायला किती वेळ लागतो?

बटणं आणि जॉयस्टिक आठवड्यात येतात. प्रोग्रॅम लिहिणं दोन-तीन महिन्यांत. जिओमेट्रिकल टॉलरन्सिंगला मात्र वर्ष जातं, आणि पगार वाढतो तो त्यावर. सॉफ्टवेअर पीसी-डीएमआयएस बरं की कॅलिप्सो असा वाद मुलं घालतात. एक नीट आलं की दुसऱ्यावर महिन्याभरात हात बसतो. सुरुवातीचे सहा महिने मुलाला सरफेस प्लेटवर, हाइट गेज, डायल आणि स्लिप गेज घेऊन बसवा. तिथे ज्याने एक हाउसिंग हाताने मोजलं आहे, त्याला पडद्यावर समांतरपणा ०.४ आला की जॉबखाली चिप अडकली असणार हे लगेच सुचतं. दुसरा रिपोर्ट प्रिंट करून मोकळा होतो.